स्त्रीबीज : किती आणि कसं

(मौदा इथं तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावलं तेव्हा आयोजकांना वाटलं होतं, हा सॉफ्टवेअरवाला आहे, मिहानमधल्या नोकऱ्यांवर बोलेल, इंटरव्ह्यूची तयारी सांगेल. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी म्हटलं, मला मूल होण्याच्या उपचारांवर बोलायचंय, त्यातही स्त्रीबीजांवर. फोनवर जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "पण बैठकीला बहिणीही असतील." मी म्हटलं, म्हणून तर.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, बारा वर्षं कोड लिहितोय. पण चार वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या हातात एक रिपोर्ट पडला आणि तेव्हापासून मला या विषयात डोकं घालावं लागलं. आज घरचं सांगू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग. पण माझा रिपोर्ट सांगशील तर तुझाही सांग." तेव्हा दोन्ही सांगतो.

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. तिचं वय ३२. एका लॅबमध्ये रक्त दिलं, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. त्यात एक ओळ होती : एएमएच ०.७, आणि पुढे ठळक अक्षरात 'लो'. झालं. रात्रीपर्यंत ही बातमी कामठीच्या खालापर्यंत आणि भंडाऱ्याच्या फुफीपर्यंत पोचली. 'मुलीत दोष आहे.' आठवड्याभरात एका वडीलधाऱ्या नातेवाइकानं अम्मीला बाजूला घेऊन दुसऱ्या निकाहची गोष्ट काढली. मुलगा कमावता आहे, वय आहे, वगैरे. या सगळ्यात एकानंही मला विचारलं नाही की बेटा, तुझी तपासणी झाली का? आणि खरं सांगतो, मीही स्वतःला विचारलं नाही.

तर हा एएमएच म्हणजे काय? बीजकोशात स्त्रीबीजं बारीक बारीक पिशव्यांत असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. त्यातल्या वाढीला लागलेल्या लहान फॉलिकलच्या पेशी अँटी-म्युलेरियन हार्मोन नावाचा स्राव रक्तात सोडतात. फॉलिकल जास्त तर स्राव जास्त, कमी तर कमी. म्हणजे रक्तातल्या या आकड्यावरून साठा साधारण किती उरलाय याचा अंदाज येतो. दुसरा अंदाज सोनोग्राफीचा : पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही बीजकोशांत छोटे फॉलिकल किती दिसतात ते मोजतात. दोन्ही तपासण्या सांगतात 'किती'. 'कसं' हे त्यातली एकही सांगत नाही. आमच्याकडे सर्व्हरच्या डिस्कवर किती जागा उरली ते डॅशबोर्डवर दिसतं. आतली फाइल बरी आहे की खराब, ते तिथं कळत नाही. माझं रोजचं काम हेच, तरी बायकोचा रिपोर्ट पाहताना मी तेच विसरलो.

एक गंमत सांगतो. हा आकडा काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये. दोन्हींत सातपटीचा फरक. ०.७ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ५ पिकोमोल. आमच्या ओळखीतली एक ताई "माझा ५ आहे" म्हणून वर्षभर निश्चिंत होती. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा तात्पुरता खाली दिसू शकतो. रिपोर्ट वाचताना युनिट बघा, एवढं तरी इंजिनिअरचं ऐका.

साठ्याचं गणित मला स्वतःला फार अजब वाटलं. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू आयुष्यभर नवे बनतात. स्त्रीबीजं मात्र जन्माआधीच बनून जातात. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोशात ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. आणि पूर्ण आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशेच्या आसपास. बाकीची आपोआप विरून जातात, रोज, काही केलं तरी आणि नाही केलं तरी. याचा दुसरा अर्थ लक्षात घ्या : तुम्ही ज्या बीजापासून झालात, ते तुमची अम्मी तुमच्या नानीच्या पोटात असतानाच तयार झालं होतं.

इथंच एक भीती दूर करतो, कारण आमच्या घरी तिनं खूप छळलं. "इंजेक्शनं देऊन दहा-दहा बीजं काढतात, मग पुढे काय राहणार?" दर महिन्याला बरीच फॉलिकल वाढीच्या रांगेत येतात, एक पुढे जातं, बाकीची मरतात. आयव्हीएफची दहा-बारा दिवसांची इंजेक्शनं त्या मरणाऱ्यांपैकी काहींना वाचवून पक्व करतात. पुढच्या महिन्यांचा साठा त्यातून उचलला जात नाही.

आता 'कसं' कडे येतो. बीजाचा दर्जा म्हणजे मुख्यतः त्यातल्या गुणसूत्रांची वाटणी बरोबर होणं. पोटातल्या मुलीची बीजं अर्ध्या वाटणीत थांबलेली असतात, गुणसूत्रांच्या जोड्या धरून. ती वाटणी पुढे सुरू होते थेट बीज बाहेर पडायच्या वेळी, म्हणजे वीस, तीस, चाळीस वर्षांनी. इतकी वर्षं जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं हळूहळू झिजतात. मग वाटणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्त जातं, एखादं कमी. असा गर्भ बहुतेकदा रुजतच नाही किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडतो. तिशीच्या सुरुवातीला बहुसंख्य गर्भ ठीक असतात, चाळिशीत निम्म्याहून जास्त बिघडलेले असतात, त्रेचाळीस-चव्वेचाळीसनंतर चांगला सापडणंच दुर्मीळ. म्हणजे दर्जाचा सगळ्यात मोठा निर्देशक एएमएच नाही, वय आहे. आणि त्याला रिपोर्टही लागत नाही, आधार कार्डावर असतं.

माझी बायको ३२ ची, साठा कमी. तिची बीजं संख्येनं थोडी, पण दर्जानं बहुतांशी ३२ वर्षांच्या बाईचीच. ४२ वर्षांच्या बाईचा एएमएच उत्तम असला तरी तिची बीजं ४२ ची. पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये तर आकडा खूप वर जातो, पंधरा-वीस बीजं निघतात, पण म्हणून मूल सोपं होतं असं नाही. उलट त्यांच्यात इंजेक्शनांनी बीजकोश फुगून पोटात पाणी होण्याचा धोका जास्त, डॉक्टरांना जपून डोस द्यावा लागतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एक अभ्यास झाला, २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, नैसर्गिकरीत्या मूल हवं असलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रिया त्यांनी घेतल्या. एएमएच ०.७ पेक्षा कमी असलेल्यांची बारा पाळ्यांत दिवस राहण्याची शक्यता ८४ टक्के निघाली, नॉर्मल असलेल्यांची ७५. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं मोठा नाही, 'कमीवाल्या पुढे' असा त्याचा अर्थ काढू नका. इतकाच अर्थ की या आकड्यावरून कोणाला दिवस राहतील आणि कोणाला नाही, हे सांगता येत नाही. मग आकडा कशाला? आयव्हीएफ करताना इंजेक्शनांनी किती बीजं मिळतील आणि डोस किती द्यायचा, त्याचा अंदाज घ्यायला. लग्न ठरवायला नाही. मुलीकडून लग्नाआधी ही तपासणी मागणारी स्थळं आता येऊ लागलीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

एक बीज पुरेसं असतं का? जगातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ, लुईझ ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मलं. स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी आधी औषधं देऊन जास्त बीजं काढायचे पुष्कळ प्रयत्न केले होते, यश आलं नाही. शेवटी त्यांनी नैसर्गिक पाळीतलं एकच बीज घेतलं. त्या एका बीजाची मुलगी झाली. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुसऱ्या वाटेनं ते केलं : हार्मोन देऊन एकापेक्षा जास्त बीजं, आणि गर्भ गोठवून नंतर सोडणं. आज जगभर जे चालतं ते त्यांच्या वाटेच्या जास्त जवळ आहे. पण सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

आपल्या महाराष्ट्राची गोष्ट ६ ऑगस्ट १९८६ ची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमध्येच हाकेच्या अंतरावर असलेल्या आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला. देशातलं शास्त्रीय नोंद असलेलं पहिलं टेस्टट्यूब बाळ म्हणून ती ओळखली गेली. नंतर याच आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांचे कागद आले, त्यांनी ते वाचले आणि १९९७ साली जाहीर लिहिलं की पहिला मान त्यांचा आहे. स्वतःचा पहिला नंबर स्वतःहून सोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. हर्षाला २०१६ साली मुलगा झाला.

हे सांगण्यामागे माझा एक सल आहे. हे सगळं एका महानगरपालिकेच्या रुग्णालयात सुरू झालं, जिथं गिरणी कामगारांची कुटुंबं यायची. आज मौद्याच्या बाईला आयव्हीएफ करायचं तर नागपूरला खासगी सेंटरमध्ये जावं लागतं, एका फेरीला दीड ते अडीच लाख, आणि आयुष्मान कार्डावर हा उपचार बसत नाही. इथं एनटीपीसीचा २,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, हायवे आहे, कारखाने आहेत. पण ठेक्यावर काम करणाऱ्याला अडीच लाख म्हणजे वर्षाची कमाई.

आणि पैसे मोजूनही काय मिळतं ते आधी समजून घ्या. बीजं दहा निघाली म्हणजे दहा गर्भ नव्हे. दहातली साधारण आठ पक्व असतात. त्यातली पाच-सहा फळतात. पाचव्या दिवसापर्यंत, ज्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात तिथपर्यंत, दोन-तीन पोचतात. त्यातली गुणसूत्रांनी बरोबर किती, हे पुन्हा वयावर. संख्या महत्त्वाची असते ती इथं, या गाळणीमुळे. जास्त बीजं म्हणजे जास्त संधी. म्हणून 'किती' ला अर्थच नाही असं मी म्हणत नाही.

आमची पाच निघाली. चार पक्व, तीन फळली, एक पाचव्या दिवसापर्यंत आलं. ते आत सोडलं. चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी निगेटिव्ह. त्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, मोबाइल बघितला आणि तसाच अर्धा तास बोलत राहिलो, रिलीजबद्दल. घरी आलो तर तिनं दालचा केला होता.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. पहिल्यांदा आम्ही ज्या सेंटरमध्ये गेलो, तिथं डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटली. रिपोर्ट बघून पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, "डोनर एग घ्या, तुमचा वेळ वाया जाणार नाही." सोबत पॅकेजचा छापील कागद, महिनाअखेरपर्यंत सूट. माझी तपासणी तिथंही कोणी मागितली नाही. बायको रडायला लागली, मी कागद घडी करून खिशात ठेवला. अजून आहे तो माझ्याकडे.

दुसऱ्याच्या बीजावर मूल, हा पर्याय आहे आणि तो कोणाला निवडायचा असेल तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? महाराष्ट्रात त्याचाही इतिहास आहे. पाळी गेलेल्या किंवा लवकर बीजं संपलेल्या स्त्रियांसाठी दात्याच्या बीजाचं तंत्र डॉ. हिंदुजांनीच इथं रुजवलं, त्यातून देशातलं पहिलं बाळ जानेवारी १९९१ मध्ये झालं. वय ४३-४४ असेल, केमोथेरपीत बीजकोश गेले असतील, तर तो खरा विचार आहे. पण ३२ व्या वर्षी, एका आकड्यावर, पहिल्या भेटीत?

याचा कायदा माहीत असू द्या. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा, अंमल जानेवारी २०२२ पासून. सेंटर नोंदणीकृत असलं पाहिजे. बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची, ती आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा विमा उपचार घेणाऱ्या जोडप्यानं काढायचा. बीजांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. हे कलम कोणासाठी आहे, विचार करा. बीज देणारी बाई बहुतेकदा गरीब वस्तीतली असते. उद्या आपल्याच मोहल्ल्यातल्या कोणाला 'दहा दिवस इंजेक्शनं घे, पैसे मिळतील' असं एजंट म्हणाला तर तिला हे माहीत हवं.

आणि मजहबचा प्रश्न येतोच, तो टाळून उपयोग नाही. आमच्या अब्बांनी पहिला प्रश्न तोच विचारला. अल-अझहरचे शेख जाद अल-हक यांचा १९८० सालचा फतवा आहे : नवरा-बायकोचंच बीज आणि शुक्राणू असतील, लग्न कायम असेल, तर आयव्हीएफ जायज. तिसऱ्याचं काही असेल तर नाही. सुन्नी उलमांची बहुसंख्या आजही त्याच मतावर आहे. इराणमध्ये १९९९ साली आयतुल्ला खामेनी यांनी काही अटींवर दात्याच्या बीजाला परवानगी दिली. म्हणजे मुसलमानांतही या प्रश्नावर एकच उत्तर नाही. दत्तकाचा रस्ताही आहे. शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. तुम्ही काय निवडायचं ते मी सांगणार नाही. अब्बांना फतव्याबद्दल कळलं तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला, एवढं पाहिलं. 'हराम तर नाही ना' या भीतीनं किती घरांत पहिली पाच वर्षं ताईत आणि दर्ग्यात जातात, आणि तीच बीजाच्या दर्जाची वर्षं असतात.

आता माझा रिपोर्ट.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिची फाइल उघडलीच नाही. म्हणाले, "आधी यांचा सीमेन रिपोर्ट दाखवा." नव्हता. पहिल्या रिपोर्टला तोवर सात महिने झाले होते. तपासणी काहीशे रुपयांची, सुई नाही, दुखत नाही. तरी मी आणखी तीन आठवडे लावले. एकदा ऑफिस, एकदा पाऊस, एकदा काहीच नाही. शेवटी केली. एका मिलिलिटरला ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचालही कमी. म्हणजे तिचं 'लो' आणि माझंही 'लो'. फरक इतकाच की तिचं कामठीपर्यंत गेलं आणि माझं माझ्या ईमेलमध्ये राहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? मी म्हटलं, खर्रा. हसताय, पण या खोलीत किती खिशांत पन्नी आहे ते मला माहीत आहे. कॉलेजपासून दिवसाला चार-पाच. तंबाखूनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटतात. धूम्रपानानं तर बाईची पाळीही लवकर थांबते, बीजं लवकर संपतात. शुक्राणू बनायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून सोडल्याचा परिणाम तीन महिन्यांनी दिसतो. मी सोडला. पुढचा रिपोर्ट थोडा बरा आला, थोडाच. आमच्यासाठी इक्सी केलं, एका बीजात सुईनं एकच शुक्राणू सोडायची पद्धत. १९९२ साली बेल्जियममधून आली आणि माझ्यासारख्यांची सोय झाली.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. शिवाय गर्भनलिका बंद असू शकते, आणि आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण जननमार्गाचा टीबी आहे. एंडोमेट्रिओसिस असतं. सगळं बीजावर ढकलून चालत नाही.

"दर्जा वाढवायचं औषध सांगा" हे हमखास विचारतात, म्हणून तेही बोलतो. को-एन्झाइम क्यू टेन, डीएचईए, बीजकोशात स्वतःच्याच रक्ताचा पीआरपी टोचणं, हजारो रुपयांचे डबे. काहींवर अभ्यास चालू आहेत, पण खात्रीनं दर्जा वाढतो असा भक्कम पुरावा अजून कशालाच नाही. झिजलेली प्रथिनं परत आणणारी गोळी निघालेली नाही. तंबाखू सोडणं, वजन आणि थायरॉइड ताब्यात ठेवणं, फॉलिक अॅसिड, हे स्वस्त आहे म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

कधी जायचं? नियम सोपा आहे. वर्षभर संबंध ठेवून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टर. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी अनियमित असेल, टीबी किंवा बीजकोशाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याआधीही. सुरुवात सोनोग्राफी आणि नवऱ्याच्या तपासणीनं होते, त्यासाठी सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोग विभागाची ओपीडी चालते. पॅकेजवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : बीजं किती निघण्याची अपेक्षा, माझ्या वयाला मूल हातात येण्याचं प्रमाण, आणि फेरी फसली तर पुढचा खर्च. 'सक्सेस रेट' म्हणून नुसता पॉझिटिव्ह टेस्टचा आकडा सांगतात, तो घेऊ नका.

आमची दुसरी फेरी पुढच्या महिन्यात आहे. ती आता ३६ ची आहे. मधली दोन वर्षं पैसे जमवण्यात गेली, आणि त्याआधीचे माझे सात महिने आणि तीन आठवडे.

बैठक संपल्यावर मी तासभर इथंच बसणार आहे. कोणाला रिपोर्ट समजून घ्यायचा असेल तर या, डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण कागदावर लिहून काढू. आयोजकांकडे माझा नंबरही आहे. फक्त येताना दोघांचे रिपोर्ट आणा.